चोरहात

फोटोत मुलगी स्पष्ट आली होती आणि दीपमाला पुसट. मुलगी हडपसरची, पूर्णिमा नावाची, तेरा वर्षांची. राज्य जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत ती जेमतेम चार बोटं रुंदीच्या उंच बीमवर चढली, दोन्ही हात वर करून तिने पंचांना सलामी दिली, बराच वेळ नुसती उभी राहिली आणि मग काहीही न करता त्याच बीमवर पाय सोडून बसली, कट्ट्यावर बसावं तशी. तो क्षण फोटोग्राफरने नेमका पकडला होता. वर मथळा होता, 'ऐन स्पर्धेत कच खाल्ली'. कंपनीची बस मांजरीच्या नव्या इमारतींमधून माणसं गोळा करत हडपसरकडे निघाली होती. शेजारच्या सीटवरच्या आनंदने पेपरची घडी दीपमालाच्या मांडीवर ठेवली आणि वर बोटही ठेवलं. "काय मॅडम, पेपरात फोटो आला न तुमचा! सांगितलं नाही तुम्ही." आनंद अमरावतीचा, पुण्यात लोक एकमेकांना काही सांगत नाहीत, याचं त्याचं नवल अजून ओसरलं नव्हतं. दीपमालाने पाहिलं. पंचांच्या टेबलामागे निळ्या कोटात ती बसली होती आणि तिचा डावा हात टेबलावर नव्हता. तो मागे गेला होता, कमरेच्या जरा वर, पाठीच्या खळग्यात. तिथे काही आहे की नाही हे चाचपत असावा तसा. सगळं सभागृह त्या मुलीकडे बघत होतं, तीही बघत होती, आणि हात आपला आपण मागे गेला होता. म्हणजे हे बाहेरून दिसतं तर, असं तिच्या मनात आलं. "पाठ दुखते का तुमची?" आनंदने विचारलं. "हो," ती म्हणाली.

पाठ दुखत नव्हती. दुखली असती तर बरं होतं, दुखण्याला डॉक्टर असतो. पाठीवर हात होता. पुरुषाचा उजवा तळवा, पकड घसरू नये म्हणून लावतात त्या मॅग्नेशियमच्या पांढऱ्या पुडीने खरखरीत झालेला, किंचित गरम; अंगठा कण्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि मधलं बोट टेकत नाही. तिला जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या जयसिंग सरांचं मधलं बोट तरुणपणी मल्लखांबावर मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं, म्हणून ते टेकत नसे. सर कसब्यात अजून आहेत, धडधाकट आहेत, त्यांचा हात त्यांच्याजवळच आहे, हे दीपमालाला कळत होतं. ती सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका काढण्याचा पगार घेणारी बाई होती, भुताखेतांशी तिचं देणंघेणं नव्हतं. तरी हात यायचा. लिफ्ट वर निघाली की यायचा. परदेशातल्या क्लायंटशी फोनवर पहिलं वाक्य बोलायच्या आधी यायचा. आणि येण्याचं काही नव्हतं, त्याचं जाणं वाईट होतं. तळवा पूर्ण टेकायचा, विश्वास बसेपर्यंत थांबायचा आणि मग निघून जायचा, आणि गेलेल्या जागी वारा लागावा तसं गार व्हायचं. म्हणून ती खुर्चीला टेकून बसत नसे. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, मॅडमचं पोश्चर काय सुंदर, खेळाडू होत्या ना. लग्नात फोटोग्राफरने श्रीनिवासला सांगितलं, वहिनींच्या पाठीवर हात ठेवा, आणि नवरी अशी दचकली की मुंडावळ्या तुटल्या. श्रीनिवास समजूतदार माणूस. पण समजूतदार माणसालाही कधीतरी थकवा येतो. एकदा त्याने दिवा न लावता विचारलं, "लहानपणी कुणी काही केलं होतं का तुला? मला सांगितलंस तरी चालेल." ती नाही म्हणाली, आणि ते खरं होतं. कुणी काही केलं नव्हतं. असायला हवा होता तो हात नव्हता, एवढंच.

कसब्यातल्या त्या व्यायामशाळेत चोरहाताची रीत होती. बीमवर मागची कोलांटी शिकवताना सर शेजारच्या लाकडी ठोकळ्यावर उभे राहत, मुलीच्या पाठीला तळवा लावत आणि म्हणत, "मी आहे." तेवढंच. मग मुलगी उडायची, उलटी व्हायची, आणि तळवा तिला फिरवून पुन्हा त्या चार बोटांवर आणून ठेवायचा. असे महिने जात. मग एक दिवस ही तयार झाली असं सरांना वाटलं, की ते खांद्यावरचा पंचा काढून बीमच्या पायाला अडकवत, जिची पाळी तिला दिसणार नाही अशा बाजूला. ती खूण होती. पंचा दिसला की गाद्यांवरच्या पोरी उड्या थांबवत, दोरीवरच्या पोरी दोरीवर थांबत, आणि सगळी व्यायामशाळा डोळ्यांत प्राण आणून बघत राही. सर म्हणत, "मी आहे," आणि मुलगी उडाली की हात काढून घेत. ती उतरायची, आणि एकदम टाळ्या. सर तिच्या तोंडात गुळाचा खडा घालत आणि म्हणत, "हात कुठला गं? एकटीनं केलंस!" बहुतेक जणी आनंदाने रडत. कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. उलट चोरहात झाला म्हणजे मुलगी शहाणी झाली. पुढच्या वेळी पंचा बघून गप्प राहणाऱ्यांत तीही सामील होई.

दीपमालाचा चोरहात झाला तेव्हा तीही अशीच बारा-तेराची होती. कोलांटी तिला आठवत नाही. आठवते ती उलटी झालेली व्यायामशाळा: खाली पत्रे, वर गाद्या, आणि खिडकीत उलटी उभी असलेली आई. सुशीलाबाई कधी व्यायामशाळेत येत नसत, घरात माणसं फार होती आणि कामं त्याहून फार. त्या दिवशी आल्या होत्या आणि त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांपासून थोडे दूर धरले होते, टाळीसाठी तयार. आईला ठाऊक आहे, हे दीपमालाला हवेत कळलं, पाय वर आणि डोकं खाली असताना, आणि त्याच क्षणी पाठ रिकामी झाली. ती उतरली, अगदी नीट उतरली. गूळ तोंडात आला तो गिळवेना. घरी आल्यावर तिने विचारलं, "तुला सांगितलं होतं सरांनी?" आई तांदूळ निवडत होती, हसून म्हणाली, "अगं, सगळ्यांनाच ठाऊक होतं." तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे, की ते सांगण्यासारखं नव्हतं. आपल्याला फसवून पडू दिलं म्हणून माणूस रडू शकतो. फसवून उडवलं म्हणून रडणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. पुढे तिने त्याच कोलांटीवर राज्याचं सुवर्णपदक आणलं. त्या प्रत्येक वेळी उडी घेताना हात यायचा आणि उलटी होताच जायचा. स्पर्धा सुटल्या, लग्न झालं, नोकरी लागली, उसाचे फड जाऊन काचेच्या इमारती आल्या, ती रविवारची पंच झाली; हाताची सवय काही सुटली नाही.

आणि म्हणूनच, पंच म्हणून तिने सुरुवातीचं हिरवं निशाण वर केल्यावर बीमवरच्या त्या मुलीने मान किंचित वळवून आपल्या उजव्या बाजूला पाहिलं, जिथे कुणी उभं नव्हतं, तेव्हा सभागृहात एकट्या दीपमालाला कळलं की ही आता उडणार नाही.

आठवडाभर पुण्याने मतं दिली. पुण्याला मत द्यायला विषय लागतो, माहिती लागत नाही. वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं की, आमच्या पेठेत पादचाऱ्याला चालायला चार बोटंही जागा उरलेली नाही, तरी आम्ही रोज न बसता चालतो, सदर मुलीने आमच्याकडे सरावास यावे. एका बाईंनी हल्लीच्या पालकांवर ठपका ठेवला, एकाने परदेशी खेळांवर, एकाने दूरचित्रवाणीवर. क्रीडा पानावर कुणा जाणकाराने लिहिलं, भारतीय मुलींत मानसिक कणखरपणाचा अभाव आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये तर निकालच लागला. "सिंपल आहे, प्रेशर हँडल नाही झालं," एक पोरगा म्हणाला, ज्याला स्वतःला रजेचा अर्ज करतानाही घाम फुटायचा. आनंदने मात्र विचारलं, "पण मॅडम, ती उतरून पळाली कशी नाही? बसली कशी काय?" दीपमालाने डब्याचं झाकण लावलं. एवढ्या मतांत हा एकच प्रश्न होता.

गुरुवारी सरांचा फोन आला. "दीपे, वाचलंस ना सगळं? बीमवर कधी न चढलेल्या माणसांना बीममधलं फार कळतं आपल्या गावात." मग त्यांनी नेहमीसारखं आडवळण न घेता सांगून टाकलं. पूर्णिमाला ते महिनोन् महिने हात देत होते. मध्येच त्यांचा खांदा धरला, हात वर जाईना. जमिनीलगतच्या बुटक्या बीमवर ती एकटी करते, अगदी झोपेत करील. उंचावर मात्र चोरहात राहूनच गेला आणि त्यांना वाटलं, स्पर्धेत आपसूक निघेल. "माझी चूक झाली," सर म्हणाले. हे वाक्य दीपमालाने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे. तिचा बाप म्हणतो, यंदा संघात आली नाही तर बास झाल्या कोलांट्या. रविवारी सकाळी ये. हात तू दे."

"मी? अहो सर, मी पंच आहे."

"चाचणीला नाहीस. विचारून घेतलंय मी. आणि दुसऱ्या कुणाला सांगू? कधी काढायचा ते तुला कळेल."

"सांगून काढला तर?"

"सांगून ढकललेला माणूस पोहायला शिकतो का गं?" सर म्हणाले, पण रागावून नाही. "काठ धरून बसतो."

ती येते म्हणाली. का म्हणाली, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही, कारण फोन ठेवताठेवताच तिला एक वाक्य सुचलं होतं. 'पूर्णिमा, आता मी हात काढतेय.' बस. उडायच्या आधी म्हणायचं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग उडायचं असेल तर तिने उडावं, नसेल तर बसावं. शुक्रवारी बसमध्ये, लिफ्टमध्ये, शनिवारी भाजी चिरताना ती ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून बघत राहिली. कधी हळू, कधी ठसक्यात. दर वेळी ते म्हटल्यावर बरं वाटायचं. ते फक्त हडपसरच्या मुलीला म्हटलेलं नव्हतं. उलट्या खिडकीतल्या आईकडे बघणाऱ्या एका मुलीपर्यंत ते कधीतरी पोचेल असं वाटायचं. श्रीनिवासने विचारलं, "काय पुटपुटतेस?" ती म्हणाली, "पाठ करतेय." आणि दोन दिवस हात आला नाही. लिफ्ट वर गेली, हात आला नाही. ती घाबरून वाट बघत राहिली, तरी नाही.

रविवारी सकाळी कसब्यातल्या गल्लीत तांब्याच्या भांड्यांचे ठोके चालू झाले होते. व्यायामशाळेला नवे पत्रे, नव्या गाद्या आल्या होत्या, वास जुनाच होता, घाम, पूड आणि काथ्या. दाराशी बाकावर एक म्हातारी पिशवीतल्या भाजलेल्या शेंगा फोडत बसली होती. ती पूर्णिमाची आजी, आनंदीबाई. तिने दीपमालाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्या निशाणवाल्या बाई न्हवं तुमी? पोरगी भित्री न्हाई हो माझी. आमची जिमीन व्हती तवा म्हशीच्या पाठीवर हुभी ऱ्हायाची. आता जिमीन बी गेली, म्हस बी गेली. ह्येवढं लाकूड ऱ्हायलंय तिला हुभं ऱ्हायला. त्येवढं काडून घिऊ नका." तिने मूठभर शेंगा दीपमालाच्या हातात कोंबल्या. पूर्णिमा कोपऱ्यात पुडीच्या डब्यात हात घोळत होती. हडकुळी, गुडघ्यांवर जुने ओरखडे, केस ओढून बांधलेले. फोटोत होती त्याहून लहान दिसत होती. दीपमाला जवळ गेली तसं ती खाली बघतच म्हणाली, "ताई, तुम्ही चोरहात करणार ना?"

दीपमालाने हातातल्या शेंगा खिडकीत ठेवल्या. "तुला कोणी सांगितलं?"

"मोठ्या मुलींना केलेला बघितलाय मी. टाळ्या पण वाजवल्यात." तिने पुडीने पांढरे झालेले तळवे एकमेकांवर आपटले, धुरळा उडाला. "मला ते नाही पाहिजे. मी पळून नाही आले ना बीमवरून? वरतीच बसले. वाटलं, थोडं थांबलं तर सरांचा हात येईल. म्हणजे सर खाली उभे होते, दिसत होते मला, तरी वाटलं येईल. मग सगळे हसायला लागले." तिने वर पाहिलं. "हात काढणार असाल तर आधी सांगा. सांगितलंत तर मी करीन. आईशप्पथ करीन. तुम्ही पण घ्या शपथ."

दीपमालाने गळ्याची कातडी चिमटीत धरली, लहानपणी धरत तशी. "गळ्याशपथ. सांगितल्याशिवाय नाही काढणार," ती म्हणाली, आणि त्या क्षणी तिला जितकं हलकं वाटलं तितकं कुठलंही पदक गळ्यात पडताना वाटलं नव्हतं.

पूर्णिमाने बीमला हात लावून तो कपाळाला लावला आणि वर चढली. दीपमाला लाकडी ठोकळ्यावर उभी राहिली. पाय आपोआप सरांच्या पायांसारखे पडले, एक पुढे, एक मागे. सर समोरच्या भिंतीशी उभे होते, धरलेला खांदा दुसऱ्या हाताने सावरत. त्यांच्या खांद्यावर पंचा नव्हता. तिने खाली पाहिलं. तो बीमच्या पायाला अडकवलेला होता, तिच्या बाजूने, पूर्णिमाला दिसणार नाही असा. गाद्यांवरच्या मुली थांबल्या होत्या. दोरीवरची एक तिथेच लोंबकळत बघत होती. बाहेरचे तांब्याचे ठोकेही थांबल्यासारखे वाटले, पण ते थांबले नसणार. दीपमालाने तळवा पूर्णिमाच्या पाठीला लावला. पाठ लहान होती, गरम होती आणि थरथरत होती, आणि तिने कण्याच्या दोन्ही बाजूंनी आपली बोटं नीट पसरली, पाचही. वाक्य जिभेवर तयार होतं. पूर्णिमाने हात वर नेले, श्वास घेतला, तशी ती थरथर थांबली. आणि मग जे दीपमालाला कुणी कधी सांगितलं नव्हतं ते तिच्या तळव्याला कळलं. पाठीला हाताची गरज नव्हती. मुलीला ठाऊक नव्हतं, पाठीला ठाऊक होतं. ती तळव्यातून आधीच निघून गेली होती. सरांनी आपल्याला फसवलं असं ती इतकी वर्षं समजत आली होती. त्यांना हे कळत होतं तर, हे असं हाताला लागत होतं, आणि त्यानंतर हात तिथे ठेवणंच खोटं होतं. तिने तोंड उघडलं. "मी आहे," ती म्हणाली. आणि पूर्णिमा उडाली, आणि दीपमालाचा हात बाजूला झाला.

पूर्णिमा उलटी झाली, फिरली, पाय त्या चार बोटांवर एकामागे एक टेकले. एकदा डुलली. उभी राहिली.

टाळ्यांसाठी सगळ्यांचे तळवे वर आले होते. दारात आनंदीबाई शेंगांची टरफलं मांडीवरून सांडत उठून उभ्या राहिल्या होत्या. सरांच्या बोटांत गुळाचा खडा होता, त्यांचा चेहरा म्हाताऱ्या आनंदाने फुलला होता, आणि ते तोंड उघडणार तोच पूर्णिमाने मान वळवून दीपमालाकडे पाहिलं. "ताई, हात होता ना?"

दीपमालाचा हात बीमपासून दूर, हवेत होता. तो तिने कधी इतका लांब नेला, तिला कळलं नव्हतं. शपथ घेऊन मोडायला जेवढा वेळ लागायला हवा तेवढाही लागला नव्हता. आता खरं सांगितलं तर या मुलीच्या पाठीचं काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने सरांकडे बघितलं नाही. "होता," ती म्हणाली. "होता की. काढला असता तर सांगितलं नसतं का?"

वर आलेले तळवे तसेच राहिले. सरांनी गूळ मुठीत मिटला. दोरीवरच्या मुलीने मान खाली घातली. पंचा बघून गप्प राहायची त्या सगळ्यांना सवयच होती.

पूर्णिमाने सुटकेचा श्वास टाकला आणि हसली, फोटोत नव्हती तशी, पहिल्यांदाच. "मला वाटलंच. कळत होता मला पूर्ण वेळ." ती बीमवर बसली, पाय सोडून, आणि आपला हात मागे नेऊन कमरेच्या जरा वर चाचपून बघितलं. "अजून कळतोय," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. "पण ताई, सरांसारखं तुमचं पण मधलं बोट टेकत नाही का?"

दीपमालाने आपला तळवा पाहिला. पाचही बोटं सरळ होती, पुडीने पांढरी. ती ठोकळ्यावरून उतरली, मागे सरकली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा भिंतीला टेकली. भिंत गार होती आणि ती सबंध पाठीला लागली. मध्ये काही नव्हतं.